‘क्राइम इन इंडिया’ रिपोर्ट वापरून बघितला: फुकट आहे, पण एकूणच्या आकड्यापासून लांब राहा

आमच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी "देशात गुन्हे इतके टक्के वाढले" असा फॉरवर्ड टाकतं, मग दोन दिवस तेच चालतं, कोणी म्हणतं पोलीस काय करतात, कोणी म्हणतं मीडिया वाढवून सांगतो. शेवटी वैतागून एका रविवारी मीच बसले आणि एनसीआरबीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, हा मूळ वार्षिक रिपोर्ट डाउनलोड केला. २०२३ चे तिन्ही खंड, आणि मग चटकच लागली म्हणून २०१९ पर्यंतचे मागचे पण. महिनाभर जमेल तसं वाचलं, त्यावर हा रिव्ह्यू. पाचपैकी साडेतीन स्टार.

आधी चांगलं बोलते. एक पैसा लागत नाही, लॉगिन नाही, ओटीपी नाही. एनसीआरबी १९८६ ची पण हा रिपोर्ट त्याहून जुना, १९५३ पासूनचे आकडे आहेत, एवढी लांब मालिका फुकटात मिळते हे मला तरी माहीत नव्हतं. सुरुवातीला चार-पाच पानांचा सारांश असतो, बातम्या बहुतेक तिथूनच उचलतात आणि तिथेच थांबतात. खरा माल आतल्या टेबलांत आहे.

आता तो टक्केवारीचा फॉरवर्ड घ्या. देशभरात नोंदलेले दखलपात्र गुन्हे (ज्यांत पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात ते) २०१९ मध्ये ५१,५६,१७२ आणि २०२० मध्ये ६६,०१,२८५. सरळ २८ टक्के वाढ! २०२० मध्ये, जेव्हा आपण सगळे घरात बसून भांडी घासत होतो. मग कलमांच्या टेबलात गेलं की कळतं की भादंवि (भारतीय दंड विधान) कलम १८८ म्हणजे सरकारी आदेश मोडणे, हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेलंय, आणि ‘इतर भादंवि गुन्हे’ अडीच लाखांवरून साडेदहा लाखांच्या वर. वाढलेल्या साधारण साडेचौदा लाखांतले जवळजवळ चौदा लाख या दोन ओळींतच संपतात. त्याच वर्षी चोऱ्या पावणेसात लाखांवरून पाच लाखांच्या आत आल्या, कारण घरं भरलेली आणि रस्ते रिकामे. म्हणजे चोर कमी झाले, मास्क न लावणारे वाढले, आणि बेरीज म्हणते देश बिघडला.

पुढच्या वर्षी उलटं. २०२१ मध्ये एकूण आकडा ७.६ टक्क्यांनी खाली आला, पण महिलांविरुद्धचे गुन्हे ३,७१,५०३ वरून ४,२८,२७८ वर गेलेत. एकूणची ओळ बघून कोणी "परिस्थिती सुधारली" म्हणत असेल तर त्याला हे टेबल दाखवा. त्या बेरजेत खून, हुंडा, दारूबंदी कायदा, हुल्लड सगळं एकाच पातेल्यात ढवळलेलं असतं, त्याचा एकत्र आकडा काढून काय साधतं देव जाणे.

मला सगळ्यात भरवशाची वाटलेली ओळ खुनाची. प्रेत सापडलं की ते दडवणं अवघड, त्यामुळे इथे नोंदीची गडबड कमी. २०२० मध्ये २९,१९३, २०२१ मध्ये २९,२७२, मग २८,५२२, आणि २०२३ मध्ये २७,७२१. लॉकडाउन असो नसो, जवळजवळ सपाट, आणि आता हळूहळू उतरती. हे मात्र ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करत नाही.

बाकीच्या ओळी वाचताना मला सारखा माझा मोबाइल आठवत होता. दोन वर्षांपूर्वी बसच्या गर्दीत पर्सची चेन उघडून कोणीतरी काढला. मी पोलीस स्टेशनला गेले, ठाणे अंमलदार अगदी सज्जन, पाणी वगैरे दिलं, आणि म्हणाले, "ताई, चोरीला गेला कशाला लिहिता, गहाळ झाला लिहा, सिम लगेच मिळेल, एफआयआर केली तर तुम्हालाच हेलपाटे." मी म्हटलं, "साहेब, पण चेन मी उघडली नव्हती हो." ते हसले, मी पण हसले, आणि सही करून गहाळचा दाखला घेऊन घरी आले. दहा मिनिटांत काम. तर त्या वर्षीच्या चोऱ्यांच्या आकड्यात माझा फोन नाहीये. कायद्याने दखलपात्र गुन्हा कळला की एफआयआर करावीच लागते, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी केसमध्ये स्पष्ट सांगितलंय, पण हे मला घरी आल्यावर वाचून कळलं. गुन्हा नोंदवायचं असं टाळण्याला पोलीस खात्यात बर्किंग म्हणतात, हे त्याहून नंतर.

एनसीआरबी स्वतः हे लपवत नाही, त्याचे मार्क मी दिलेत. रिपोर्टमध्येच लिहिलंय की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ते कुठे कोपऱ्यात, आणि टक्केवारी मोठ्या अक्षरात. केरळचा गुन्हेदर, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे, कायम वरती दिसतो, तिथे लोक तक्रार करतात आणि ती लिहून घेतली जाते हे त्यातलं मोठं कारण मानतात. बलात्काराचे गुन्हे २०१२ मध्ये २४,९२३ होते, २०१३ मध्ये ३३,७०७. मधे दिल्लीची निर्भयाची घटना झाली, कायदा बदलला, व्याख्या रुंद झाली, बायका पुढे आल्या. एका वर्षात एवढी उडी, ती सगळी गुन्ह्यांची उडी नाहीये. अपहरणाचं पण तसंच, अल्पवयीन मूल हरवलं की आता थेट अपहरणाचाच गुन्हा दाखल होतो, त्यात घरातून रागाने निघून गेलेली पोरं पण आली.

सायबरचा तक्ता मी तीनदा वाचला. २०२१ मध्ये ५२,९७४, २०२२ मध्ये ६५,८९३, २०२३ मध्ये ८६,४२०. एका वर्षात ३१ टक्के, आणि ही वाढ खरीच असणार, प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी फसलेला माणूस आहे. पण त्याच २०२३ मध्ये सरकारच्या सायबर पोर्टलवर आलेल्या तक्रारी होत्या १५ लाखांच्या वर! १९३० या हेल्पलाइनला फोन करून, स्क्रीनशॉट चिकटवून केलेल्या तक्रारी. त्यातल्या किती थोड्या गुन्हा म्हणून रजिस्टर झाल्या ते तुम्हीच बघा. एका माणसाने चार ठिकाणी तक्रार केली असेल, काही फालतू असतील, मान्य, तरी पण.

आता तक्रारी. एक, मोजायची पद्धत. एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी सगळ्यात गंभीर तेवढंच मोजतात. बलात्कार करून खून केला तर तो खुनात गेला, बलात्काराच्या मुख्य ओळीत नाही. हे माहीत नसेल तर टेबलं चुकीची वाचली जातात.

दोन, लोकसंख्या. महानगरांचा गुन्हेदर काढायला २०११ च्या जनगणनेचा आकडा लावलाय. पुणे ५०.५ लाख! अहो, २०११ नंतर हिंजवडीत किती टॉवर उभे राहिले ते मोजा. भाजक जुना आणि गुन्हे ताजे, मग शहर जितकं वाढलेलं तितकं ते कागदावर जास्त गुन्हेगार. "सर्वात सुरक्षित शहर"च्या बातम्या यावरच निघतात.

तीन, आकडे नंतर बदलतात आणि कोणी ठळकपणे सांगत नाही. २०१९ च्या रिपोर्टमध्ये सायबर गुन्हे ४४,५४६, पुढच्या रिपोर्टमध्ये तेच २०१९ साल बघा तर ४४,७३५. मला वाटलं माझीच एक्सेल चुकली, अर्धा तास गेला. मग तळटीप सापडली की २०१९ ला पश्चिम बंगालचे आकडे वेळेत आले नाहीत म्हणून २०१८ चेच वापरले होते. बंगाल ग्राह्य धरलंच नाही असं नाही, मागच्या वर्षीचं धरलं!

आणि उशीर. २०१७ चा रिपोर्ट ऑक्टोबर २०१९ मध्ये आला, २०२३ चा सप्टेंबर २०२५ मध्ये. एवढ्या वेळात तर कायदाच बदलला. आरोपपत्र आणि शिक्षेची टेबलं ठीक आहेत, ती वकिलांनी बघावीत, मी झोपले.

२०२४ चे आकडे वाचताना जपून. जूनपर्यंत भादंवि, १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता, आणि तिच्यात चेन किंवा मोबाइल हिसकावून पळणं हा वेगळा गुन्हा केलाय, कलम ३०४. त्यामुळे चोरीची ओळ कमी दिसली तर नाचू नका, त्यातला काही भाग शेजारच्या ओळीत जाऊन बसलेला असेल. पीडीएफ मोबाइलवर उघडू नका, आडवी टेबलं कापली जातात, लॅपटॉपच घ्या. ग्रुपवर मी खुनाची ओळ टाकली होती, दोन अंगठे आले आणि पाच मिनिटांत पुन्हा तोच २८ टक्क्यांचा फॉरवर्ड.