झारकालीन रशियन बिल्ला आणि ८१,६०० रुपयांचा चुना

बिल्ल्याचे ५८,०००, विमा-कुरिअरचे ३,४०० आणि 'कॅप्टनचे पोगोन' म्हणून गळ्यात मारलेल्या खांद्यावरच्या पट्ट्यांचे २०,२००. एकूण ८१,६०० रुपये, आणि सगळा माल नकली.

बिल्ला पायदळ रेजिमेंटचा, चांदीचा, सोबत १९०७ सालचं प्रमाणपत्र. मागे ८४ झोलोत्निकचा (शुद्धतेचं जुनं रशियन माप) छाप, म्हणजे हजारात ८७५ भाग चांदी, आणि कोकोश्निक, म्हणजे रशियन शिरोभूषण, घातलेल्या बाईचं मस्तक. ते मस्तक उजवीकडे बघत होतं, शेजारी आल्फा, म्हणजे पीटर्सबर्गच्या तपासणीची खूण असलेलं ग्रीक अक्षर! १८९९ ते १९०८ पर्यंत ते डावीकडे बघतं; उजवीकडचं, ग्रीक अक्षरासह, १९०८ पासूनचं. कागद १९०७चा, छाप नंतरचा. पैसे भरण्याआधी या छापाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, म्हणून संताप जात नाही. पण भामट्याने मागची बाजू मुद्दाम तिरकी, सावलीत टिपली होती. अशा फोटोत तोंड कुठे आहे हे कुणाला कळलं असतं? मागची स्क्रूची चकती काढून, सरळ उजेडात घेतलेला फोटो मागा. नाही दिला तर सौदा तिथेच सोडा.

सराफाने कस लावून 'चांदी खरी आहे' म्हटलं तर हुरळू नका, नकली बिल्लेही चांदीत ओततात.

पट्ट्यांवर एक रेघ, चार तारे. झारच्या सैन्यात चार तारे श्ताब्स-कॅप्टनला, म्हणजे कॅप्टनच्या खालच्या हुद्द्याला. कॅप्टनला रेघ एक आणि तारा एकही नाही. चार ताऱ्यांचा कॅप्टन १९४३ नंतरचा, सोव्हिएत. विक्रेत्याने 'श्ताब्स' गाळून लिहिलं असेल असं वाटणं स्वाभाविकच होतं. अतिनील टॉर्चखाली शिवणीचा दोरा आधुनिक दोऱ्यासारखा निळसर पांढरा चमकला, तेव्हा उरलीसुरली शंका फिटली. ती टॉर्च पार्सल उघडतानाच हातात हवी.

बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिलात, व्यवहार वैध. पोलीस ठाण्यात विचारतात, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून सायबर कक्षात, तिथून 'दिवाणी दावा लावा'. वर मागणी काय, तर नकली असल्याचं सरकारी तज्ज्ञाचं पत्र आणा! रशियन बिल्ल्यांचा सरकारी तज्ज्ञ कुठे बसतो, ते मात्र कुणी सांगेना. तक्रार लिहून घ्यायलाही कुणी तयार नाही.

तोच बिल्ला आता पुन्हा विक्रीला आहे, कागदावर साल १९१२. म्हणजे छापाची दिशा आता जुळते. म्हणून मापही घ्या: अस्सल बिल्ल्यावरून काढलेल्या साच्यातून ओतलेला नकली बिल्ला किंचित लहान भरतो, भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात आणि हॉलमार्कच्या कडा बोथट असतात.