मिसफायर शोधताना: स्कॅनर की कॉइलची अदलाबदल?

चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे इंजिन आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) थरथरू लागले आणि मिसफायरची, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसल्याची, शंका आली, तर घरच्या घरी निदानाचे दोन मार्ग उरतात. स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीच्या स्व-निदान यंत्रणेच्या) सॉकेटमध्ये स्कॅनर जोडला की पी०३०२ असा कोड मिळतो आणि दुसरा सिलिंडर नीट पेटत नाही, एवढे काही क्षणांत कळते. मात्र दोष ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा, त्याला वीज पुरवणाऱ्या कॉइलचा की पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा, हे तो कोड सांगत नाही, आणि पी०३०० आला तर सिलिंडरही निश्चित होत नाही.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद व थंड असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी. थरथर तिसऱ्याकडे सरकली तर कॉइलच बाद, न सरकल्यास प्लग काढून पाहावा. इलेक्ट्रोडवर सुकी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त असण्याची शक्यता असते, आणि प्लग पेट्रोलने ओला असेल तर ठिणगीवर संशय घ्यावा.

माझ्या मते स्वस्त स्कॅनर आधी घ्यावा, कारण त्याविना सरकलेला दोष केवळ कानाने ओळखावा लागतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) खराब होण्याआधी गाडी थांबवावी.