समुद्री टँकची घरपोच देखभाल : माशांना मानवते, तारामाशाला नाही

सोलापुरात समुद्री टँकच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि इतर जलचर ठेवायच्या काचेच्या टाकीच्या, देखभालीची जबाबदारी घेणारे दुकान सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे शहरातील एका दुकानाची मासिक घरपोच सेवा आम्ही मोठ्या अपेक्षेने घेतली. माणूस सांगितलेल्या वेळेला येतो, काच आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या स्किमरचा कप लख्ख करतो, फरशीवर थेंबही सांडू देत नाही. टँकसाठी आरओचे, म्हणजे गाळून क्षार काढलेले, पाणी दुकानच आणते आणि ते ओतण्यापूर्वी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आपल्यासमोर धरते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आणि बोअरचे पाणी जड असणाऱ्या आपल्या गावात ही मोठीच सोय आहे.

तक्रार आहे ती वरून घालायच्या पाण्याची. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी असते आणि टँकची पातळी भराभर उतरते. मात्र वाफ होते ती पाण्याची, मीठ टँकमध्येच राहते, म्हणून ही घट नुसत्या आरओच्या पाण्याने भरून काढायची असते. दुकानाचा माणूस मात्र दर खेपेस मीठ कालवलेले पाणी ओतत होता. पाण्याच्या घनतेवरून खारेपणा सांगणाऱ्या त्याच्या हायड्रोमीटरचा काटा १.०२५, म्हणजे समुद्राच्या पाण्याइतका योग्य आकडा, दाखवी. काट्यावर मिठाचा थर बसला की तो जड होऊन प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, आणि या काट्यावर पांढरी पुटे स्पष्ट दिसत होती. आम्ही थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून खारेपणा सांगणारा रिफ्रॅक्टोमीटर मागवून त्याच्या काचेवर थेंब टाकला, तेव्हा निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा १.०३० वर होती.

मासे एवढा फरक काही काळ निभावून नेतात, कारण कल्ले आणि मूत्रपिंडांच्या साहाय्याने ते शरीरातील क्षार आवरू शकतात. तारामाशाला ती सोय नाही; त्याच्या अंगातील द्रव जवळजवळ भोवतालच्या समुद्राच्या पाण्याइतकाच खारा असतो. आमच्या ‘चॉकलेट चिप’ जातीच्या तारामाशाच्या नळीसारख्या पायांची काचेवरची पकड आधी सुटली, मग दोन भुजा लुळ्या पडल्या आणि एकीच्या टोकाला पांढरट, मऊ चट्टा उमटला.

त्याच सुमारास आमच्या पाणी तपासण्याच्या किटमध्ये अमोनियाच्या चाचणीचा रंग पिवळ्याऐवजी हिरवट आला. अमोनिया जलचरांना विषारी, तो शून्य असायला हवा. कारण शोधले, तर दुकानाचा माणूस फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवत होता. क्लोरिनच्या पाण्याने अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात, म्हणून स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा असतो. स्वच्छतेचा एवढा सोस असलेल्या दुकानाला हे ठाऊक नसावे, याचे नवल वाटते.

खरा धक्का पुढेच होता. चट्टा पाहून दुकानाने तांबेयुक्त औषध टाकण्याचा सल्ला दिला. ते माशांवरील परजीवींसाठी उपयोगी असले तरी तारामासा, कोळंबी, शंख यांच्यासाठी विषच. शिवाय तांबे वाळूत आणि दगडांत मुरून राहते. आम्ही ते टाकू दिले नाही. थोडे थोडे टँकचे पाणी काढून त्या जागी आरओचे पाणी घालत खारेपणा सावकाश उतरवला, कारण तो एकदम उतरवणेही तितकेच घातक असते. अमोनियासाठी मापून मिसळलेल्या खाऱ्या पाण्याने पाणीपालटही केली. पकड परत आली आहे. एका भुजेचे टोक मात्र गेले.

टँकमध्ये केवळ मासे असतील, तर दीड हजार रुपयांत ही सेवा घ्यायला हरकत नाही. तारामासा असेल, तर पाण्याची भर, स्पंज आणि औषध ही तिन्ही कामे दुकानाकडे देऊ नयेत. आम्ही त्यांच्याकडे आता फक्त काच, स्किमर आणि आरओच्या पाण्याचे कॅन एवढेच ठेवले आहे.