जुनी जखम: अजून ड्रेसिंग करायचं की सरळ बायोप्सी?

आमच्या रामबागेतल्या मामांच्या पोटरीवर लहानपणी स्टोव्ह भडकून भाजल्याचा डाग आहे, त्यावर मधेच जखम होते, भरते, परत उघडते आणि घरात सगळ्यांना त्याची इतकी सवय की आता कोणी बघतही नाही. परवा पट्टी बदलायला मी बसले तर एका बाजूची कड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वर आलेली, कापूस लागला की रक्त, आणि वास नेहमीचा नाही.

हा मारजोलिन अल्सर असू शकतो, म्हणजे जुन्या डागातल्या जखमेत होणारा कातडीचा कॅन्सर. मारजोलिन नावाच्या फ्रेंच सर्जननी १८२८ मध्ये अशा जखमांबद्दल लिहून ठेवलं, पण तो कॅन्सर आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. भाजल्याच्या डागांपैकी साधारण १-२ टक्क्यांतच होतो, तोही बहुतेक वेळा २०-३० वर्षांनी, म्हणून लगेच घाबरायचं नाही.

ड्रेसिंग स्वस्त, घरी होतं, आणि शुगरची किंवा व्हेरिकोजची (पायाच्या फुगलेल्या शिरांमुळे झालेली) जखम असेल तर नीट केल्यावर भरतेही. पण ३ महिने नीट करूनही भरत नसेल तर मलम बदलत बसण्यात काही अर्थ नाही. स्वॅब कल्चरवर (जखमेतला स्राव बोळ्याने घेऊन जंतू तपासतात त्यावर) तर माझा अजिबात भरवसा नाही, उघड्या जखमेत काही ना काही जंतू निघणारच, मग अँटिबायोटिकचा कोर्स, मग दुसरा, आणि कॅन्सर आहे का ते त्यात कळतच नाही.

बायोप्सीला जागा बधिर करून तुकडे घेतात. एक नाही, कडेचे ३-४ आणि तळाचाही, कारण एकच घेतला तर नेमका चांगल्या जागेचा येऊ शकतो. रिपोर्ट साफ आला पण जखम तशीच वाढतेय तर परत करायला सांगा. मामी म्हणतात चाकू लागला की पसरतं, तसं काही नसतं. उलट थांबलं तर पसरतं, कारण डागातला हा कॅन्सर उन्हामुळे होणाऱ्यापेक्षा जास्त आक्रमक, जांघेतल्या गाठींपर्यंत जातो. लवकर सापडला तर आजूबाजूची साधारण २ सेंटीमीटर चांगली कातडी धरून काढतात आणि ग्राफ्ट (दुसऱ्या जागेची कातडी) लावतात, हाडात शिरला तर पायच कापायची वेळ येते.

मंगळवारचा नंबर लावलाय. आणि हो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, मामांची चालू आहे आणि मी सांगायला विसरलेच होते.