बायबल पुरे, की बायबल आणि बांबोळी?

म्हापशात मराठी उपासनेनंतर चहा घेताना एका काकींनी विचारलं, "पोरगा रात्र रात्र जागतो. पाळकांकडे नेऊ की बांबोळीला?" पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. बांबोळी म्हणजे तिथलं सरकारी मनोरुग्णालय, गोव्यात वेगळं सांगावं लागत नाही.

ख्रिस्ती समुपदेशनात हा वाद जुना आहे. अमेरिकन पाळक जे ॲडम्स यांनी 1970 साली 'बोधात्मक' पद्धत मांडली. तिचा आधार नव्या करारातला 'बोध करणे' या अर्थाचा ग्रीक शब्द. माणसाच्या बहुतेक गुंत्यांचं मूळ पापात, म्हणून बायबलचं वचन, पश्चात्ताप आणि सवयी बदलणं हाच उपाय. नवरा-बायकोची धुसफूस, मनातला राग, क्षमा न करणं, अशा ठिकाणी ही पद्धत कामाची वाटते, कारण ती आडवळणं घेत नाही. पण झोप उडालेल्या पोराला "तुझा विश्वास कमी पडतो" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ.

दुसरी वाट एकात्मिक. इथे दिशा बायबल दाखवतं, पण मानसशास्त्र आणि औषधंही चालतात. धोका एवढाच की कधी कधी वचन नुसतं तोंडी लावण्यापुरतं उरतं.

माझा कल दुसरीकडे, आणि कारण बायबलमध्येच आहे. 1 राजे, अध्याय 19: एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो. देवाचं बोलणं नंतर.

काकींना म्हटलं, "आधी बांबोळी. पाळकांनाच सोबत न्या."