चांगली मोटर दुकानात ठेवून रंगवलेली जुनी घेऊन आलो

माझ्या जुन्या गाडीच्या हीटरचा पंखा पहिल्या तीन स्पीडला हलायचाच नाही, चौथ्याला मात्र सुसाट. गॅरेजवाल्याने नॉब दोनदा फिरवला आणि म्हणाला, "ब्लोअर मोटर गेली. अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल." मजुरी वाचवायची म्हणून काम स्वतःच करायचं ठरवलं. मोटर कुठे मिळेल ते दुकानही त्यानेच सांगितलं.

ग्लोव्ह बॉक्स काढला, कनेक्टर सोडवला, तीन स्क्रू काढले, आणि मोटर पंख्यासकट हातात आली. डॅशबोर्डला धक्काही लावावा लागला नाही. शंका यायला हवी होती ती तिथेच.

दुकानदार म्हणाला, "जुनी इथेच ठेवा, तेवढे पैसे कमी करतो." मी ठेवली. खोकं कोरं करकरीत होतं. घरी उजेडात नीट बघितलं तर स्क्रूच्या भोकांभोवतीचा रंग खरवडलेला, पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी काळी धूळ घट्ट बसलेली, कनेक्टरची एक पिन तापून काळवंडलेली. पंखा बोटांनी हलवला तर शाफ्ट आडवा खेळत होता. कुणाच्या तरी गाडीतून निघालेली मोटर रंग मारून मला नवी म्हणून दिली होती. गाडी उघडी पडलेली, म्हणून तीच बसवली. पंखा पुन्हा फक्त चौथ्यालाच फिरला!

मग एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने खरं कारण दाखवलं. अशा जुन्या गाड्यांत कमी स्पीडला करंट रेझिस्टरमधून (करंट अडवून कमी करणारा छोटा पार्ट) जातो, सगळ्यात वरच्या स्पीडला थेट मोटरला मिळतो. म्हणजे चौथ्याला पंखा जोरात फिरतोय, तर मोटर जिवंत आहे. रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, पंख्याच्याच वाऱ्याने थंड राहावा म्हणून. माझ्या रेझिस्टरची तार तुटलेली नुसत्या डोळ्यांना दिसत होती. दोन स्क्रू काढून तो बदलला आणि चारही स्पीड सुरू झाले. जाम झालेली मोटर जास्त करंट ओढते आणि रेझिस्टर जाळते, हे खरं. पण माझी जुनी मोटर हाताने अगदी मोकळी फिरत होती. तिला काहीच झालं नव्हतं.

ती परत मागायला गेलो. "भंगारात गेली." आणि ही? "इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही." माझी मोटरही आता रंग लावून कुणाला तरी नवी म्हणून जाणार, असं मला राहून राहून वाटतं. राग पैशांपेक्षा त्याचा जास्त आहे.

म्हणून कळकळीने सांगतो, काढलेली मोटर कुणाच्या हाती देण्याआधी फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी 12 व्होल्टच्या बॅटरीवर फिरवून बघा. पंख्यापासून बोटं लांब ठेवा. नवी घेतानाही काउंटरवरच हे करायला लावा, आणि दुकानदार खोकं उघडायला कां-कूं करू लागला तर पैसे देऊ नका. जुना पार्ट काम पूर्ण होईपर्यंत आपल्याच घरी राहू द्या. माझ्या गाडीतली ही मोटर आठव्या दिवसापासून किंचाळतेय.