अण्णांचा २०१७चा लॅपटॉप आणि लिनक्स मिंटचे नऊ महिने

आमच्या घरात लॅपटॉप एक आणि वापरणारे चौघे. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, त्यावर सोसायटीची पत्रं आणि देवळाच्या ट्रस्टचे हिशेब टाइप करतात. लेकीचे शाळेचे प्रकल्प त्यावरच होतात. माझी बिलं, फोटो, थोडंफार लिखाण आणि नवऱ्याचं ऑफिसातून उरलेलं कामही तिथेच. २०१७ साली घेतलेला, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे कळलं तेव्हा मी विंडोज ११ची तपासणी करून पाहिली. त्याला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आम्ही एका पिढीने हुकलो. दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "ताई, आता हा द्या आणि नवा घ्या." कीबोर्ड शाबूत, स्क्रीन शाबूत, फक्त मंद चालतो म्हणून पन्नासेक हजार घालायचे हे मला पटेना.

नोंदणी केली तर विंडोज १०ला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. ज्यांना लगेच काही बदलायचं नाही त्यांनी ही सोय जरूर घ्यावी. मला मात्र वर्षभराने परत याच प्रश्नापाशी यायचं नव्हतं.

म्हणून याच मशिनवर विंडोजऐवजी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं. आधी गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स पाहिलं. जुन्या मशिनवर टाकायला फुकट, उघडलं की ब्राउझर समोर. ज्यांचं सगळं काम ब्राउझरात चालतं त्यांना ते पुरेल. पण त्यात प्ले स्टोअरची अँड्रॉइड ॲप्स नाहीत, आणि अण्णांना फाइल 'आपल्या मशिनात' हवी असते. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्सही डोक्यात होती. शेवटी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम घेतली ती एकाच कारणाने. ती उबंटू या खूप वापरल्या जाणाऱ्या लिनक्सवर उभी आहे, त्यामुळे अडलं की उबंटूसाठी लिहिलेला उपाय बहुतेक वेळा जसाच्या तसा लागू पडतो. घरात लिनक्स जाणणारं कोणी नसताना हे फार मोलाचं.

टाकण्याआधी आठवडाभर पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं. मशिनमधल्या विंडोजला हात न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर सगळं तपासता येतं. ही पायरी कोणी गाळू नये. पेनड्राइव्हवरून ते संथ चालतं, त्यावरून मत मात्र बनवू नका. मग जून २०२५मध्ये फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवली, जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून ५०० जीबीची एसएसडी बसवून घेतली आणि मिंट २२.१ची सिनॅमन आवृत्ती टाकली. रॅम ४ जीबी असती तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली असती. वेगाचं निम्म्याहून अधिक श्रेय मी एसएसडीलाच देईन. कोणतीही सिस्टिम ठेवा, आधी डिस्क बदला.

आता खरी परीक्षा, मराठी टायपिंग. आमच्याकडे दोन घराणी आहेत. अण्णा इनस्क्रिप्टवाले, म्हणजे मराठी अक्षरांच्या ठरलेल्या कळा दाबणारे; मी गमभनवाली, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करणारी. इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या सेटिंगमध्येच मिळालं. अण्णांनी बसल्याबसल्या 'दऱ्याखोऱ्या' टाइप करून पाहिलं, शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. 'ऱ्य' नीट उमटला तेव्हा म्हणाले, "हे जमलं बघ." माझ्या गमभनसाठी आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचा एम१७एन हा जोड सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यावा लागला, एकदा लॉग आउट करून परत यावं लागलं. अर्धा तास गेला, पण त्यानंतर आजवर तिकडे बघावं लागलेलं नाही.

फाँटने मात्र त्रास दिला. अण्णांची जुनी पत्रं 'मंगल'मध्ये होती. तो फाँट विंडोजसोबत येतो, मिंटमध्ये नसतो. लिब्रेऑफिस (मिंटमधलं वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) दुसरा फाँट लावतं आणि एका पानाचं पत्र दीड पानावर जातं. त्यांच्या लेटरहेडवर सही नेमकी दुसऱ्या पानावर जायला लागली. आम्ही सगळे नमुने मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या 'मुक्त' या मोफत फाँटमध्ये एकदाच बदलून घेतले. दोन रविवार गेले. बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या नॉन-युनिकोड फाइली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. त्यातल्या महत्त्वाच्या हाताने पुन्हा टाइप केल्या. हा प्रश्न कधीतरी सोडवायचाच होता.

नोव्हेंबरात एका सकाळी अपडेटनंतर वायफाय गेलं. लेकीचा ऑनलाइन तास नऊला, घड्याळात पावणेनऊ. मशिन परत सुरू करताना एस्केप दाबून आधीचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा अपडेटआधीचा गाभा, निवडला आणि वायफाय आलं. तास चुकला नाही, पण तेवढ्या वेळात माझ्या पोटात गोळा आला होता. तेव्हापासून तिचा तास असेल त्या दिवशी मी अपडेट करत नाही. टाइमशिफ्टची आठवड्याची प्रत चालू ठेवली आहे. इथे एक गैरसमज होतो. टाइमशिफ्ट आपल्या सेटिंगप्रमाणे सिस्टिम मागे नेतं, फोटो आणि कागदपत्रांची प्रत ठेवत नाही. ती बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्यावीच लागते. सप्टेंबरात २२.२वर गेलो ते मात्र अपडेट मॅनेजरमधून, चहा होईपर्यंत.

नवऱ्याचं काम इथे जमलं नाही. टॅली विंडोजवरच चालतं, आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर ब्राउझरातूनच वापरता येतं. त्याच्या मोठ्या एक्सेल फाइली, मॅक्रोसकट, लिब्रेऑफिसवर लादण्यात अर्थ नव्हता. तो आता ते काम ऑफिसच्या मशिनवर करून घरी येतो. ज्या घरात टॅली रोज लागतं, तिथे मी मिंट सुचवणार नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या 'वाइन'च्या खटपटीत हिशेबाचा विदा अडकवू नका.

अण्णांसाठी वेगळं खातं केलं, अक्षरं मोठी ठेवली, खालच्या पट्टीवर चारच गोष्टी: फायरफॉक्स, लिब्रेऑफिसचे रायटर (पत्रांसाठी) आणि कॅल्क (हिशेबांसाठी), आणि प्रिंटर. पहिले पंधरा दिवस ते दिवसातून तीनदा हाक मारायचे. आता हाक येते ती प्रिंटरमध्ये कागद अडकला की.

मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर बॅटरी नक्की बदलावी लागेल, वीज गेली की आत्ताच दहा मिनिटं टिकते. पुढच्या महिन्यात तीच आणायची आहे.